नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नाही: गुन्ह्याची बातमी टाकण्याआधी काय आणि कुठल्या क्रमाने

“नाव काढलंय, फोटो ब्लर केलाय, टाकू का?”

पुण्यातल्या कुठल्याही डेस्कवर, पोर्टलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, एकट्याने यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांच्या मेसेजमध्ये हा प्रश्न सारखा येतो आणि कॉपी उघडून बघितली की उत्तर बहुतेक वेळा ‘थांब’ हेच असतं. नाव नसतं, बाकी सगळं असतं. शाळेची इयत्ता, सोसायटी, आई काय करते, वडील कधी वारले. गल्लीतल्या माणसाला ओळखायला अजून काय लागतं?

कलमं तोंडपाठ असणारेसुद्धा चुकतात, कारण क्रम उलटा असतो. आधी अलर्ट जातो, मग कोणीतरी फिर्याद वाचतं, मग ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन होतो आणि सगळ्यात शेवटी वकिलाला. तो क्रम सरळ करायचा एवढ्यासाठी हे लिहितोय. नोटीस हातात पडली असेल तर मात्र हे वाचत बसू नका, वकील गाठा.

तयारी: बीटवर निघायच्या आधी

पहिलं काम, जुन्या-नव्या कलमांचा एक कागद करून डेस्कवर चिकटवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांत अजूनही आयपीसीची, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमं दिसणार, त्यामुळे दोन्ही माहीत पाहिजेत. पीडितेची ओळख उघड करण्याचं जुनं २२८अ आता ७२ झालंय. बदनामीचं ४९९ आणि ५०० आता ३५६. बलात्काराच्या शिक्षेचं ३७६ आता ६४ पासून पुढे. विनयभंगाचं ३५४ आता ७४.

इथे एक हमखास गोंधळ होतो. न्याय संहितेचं ७४ म्हणजे विनयभंग आणि बाल न्याय कायद्याचं ७४ म्हणजे मुलांची ओळख उघड करायला बंदी. प्रेसनोटमध्ये नुसतं ‘कलम ७४’ दिसलं की आधी कायदा कुठला ते बघा.

दुसरं, फोन. रेकॉर्डिंग आणि व्हिडिओची मूळ फाइल त्याच दिवशी वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली फाइल दाबली गेलेली असते, तिची तारीख वगैरे माहितीही गेलेली असते. उद्या कोर्टात ते रेकॉर्डिंग दाखवायचं म्हटलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते, आणि मूळ फाइलच नसेल तर कशाची हॅश काढणार?

तिसरं, रात्री अकराला फोन उचलेल असा एक वकील. मित्र असला तरी चालेल, पण मीडियाची कामं करणारा हवा, फ्लॅटचे करारनामे करणारा नको.

पायरी १: बातमी कुठल्या खान्यातली ते ठरवा

एक ओळही टाइप करण्याआधी चार प्रश्न.

यात १८ वर्षांखालचं कोणी आहे का? मग ते पीडित असो, साक्षीदार असो की आरोपी.
लैंगिक गुन्हा आहे का?
आत्महत्या किंवा तसा प्रयत्न आहे का?
नाव घेऊन कोणावर आरोप होतोय का?

एकालाही ‘हो’ आलं तर अलर्ट जाणार नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. एकापेक्षा जास्त ‘हो’ असतील तर सगळ्यांचे नियम एकत्र लागू, त्यातला सोपा निवडायचा नाही.

अल्पवयीन आरोपीच्या बाबतीत सगळ्यात जास्त घसरण होते कारण तिथे लोकांचा राग पत्रकाराच्याही अंगात शिरतो. १९ मे २०२४ चा कल्याणीनगरचा पोर्शे अपघात आठवा. दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा सतराचा, त्यात बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हटल्यावर अख्खं शहर चिडलं. चिडणं रास्त होतं, पण म्हणून बाल न्याय कायद्याचं कलम ७४ स्थगित होत नाही. तिथे वडिलांवरही स्वतंत्र गुन्हा दाखल झाला, ते स्वतःच आरोपी, मग त्यांचं नाव द्यायचं की नाही, आणि दिलं तर मुलगा ओळखू येतोच की. असा पेच आला तर तो बीटवरच्या पोराने रस्त्यावर उभं राहून सोडवायचा नसतो, संपादकाने वकिलाशी बोलून सोडवायचा असतो आणि काय ठरलं, का ठरलं ते लिहून ठेवायचं असतं. बाल न्याय मंडळ मुलाच्या हितासाठी ओळख द्यायला लेखी परवानगी देऊ शकतं. ‘सगळ्यांनीच दिलंय’ ही परवानगी नव्हे.

पायरी २: आधी कागद, मग बाइट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया)

एफआयआरची कॉपी मिळवा. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचे असतात, मात्र लैंगिक गुन्हे आणि पोक्सोसारखी (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे वेबसाइटवर दिसत नसेल तर तो पोलिसांचा आळशीपणाच असेल असं नाही, न दिसण्यामागचं कारण हीच तुमची पहिली सूचना.

हद्द तपासा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन वेगळी पोलीस दलं आहेत आणि हिंजवडीच्या गुन्ह्यात पुणे शहर पोलिसांचं नाव लिहिणारे महाभाग अजून आहेत. चूक छोटी वाटते, पण उलटतपासणीत वकील पहिली हीच काढतो: हद्द माहीत नाही, बाकी काय तपासलं असेल?

इशारा: प्रेसनोटमध्ये किंवा पीआयसाहेबांनी फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये पीडितेचं नाव आलं म्हणून ते छापायची मुभा मिळत नाही. त्यांनी पाठवणं ही त्यांची चूक, तुम्ही छापणं हा तुमचा गुन्हा. मेसेज पुढे कोणत्याच ग्रुपमध्ये ढकलू नका, ऑफिसच्या सुद्धा नाही.

पायरी ३: ओळख काढणं

हे काम सगळ्यात किचकट, म्हणून एक नमुना घेतो, बनवलेलाच आहे, पण असल्या कॉप्या रोज येतात:

“धनकवडीतील शाळेत आठवीत शिकणाऱ्या १३ वर्षीय मुलीवर, ती राहते त्या इमारतीच्या तळमजल्यावरील पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्या ३४ वर्षीय तरुणाने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. मुलीची आई पोळीभाजी केंद्र चालवते, वडिलांचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. मुलगी प्रचंड घाबरल्याचे तिच्या मावशीने सांगितले.”

नाव कुठेच नाही. आता बघा. पोक्सोच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, राहण्याचा परिसर आणि ओळख पटेल असा इतर कुठलाही तपशील द्यायला बंदी आहे. म्हणजे धनकवडी गेली. शाळा आणि इयत्ता गेली. इमारत गेली, आणि गिरणीही गेली, कारण तळमजल्यावर गिरणी असलेल्या इमारती त्या भागात असून असून किती असणार. आईचं पोळीभाजी केंद्र गेलं, वडिलांचं निधन गेलं, मावशी तर बातमीत आलीच कशी हा वेगळा प्रश्न. ‘उघडकीस आले’ हेही गेलं, कारण आत्ता फक्त फिर्याद आहे, सिद्ध काही झालेलं नाही. उरतं ते असं:

“शहराच्या दक्षिण भागात एका अल्पवयीन मुलीवर ओळखीच्या तरुणाने लैंगिक अत्याचार केल्याची फिर्याद दाखल झाली असून पोलिसांनी संशयिताला अटक केली आहे. पोक्सो कायद्यान्वये गुन्हा नोंदवण्यात आला आहे.”

“सर, यात बातमीच उरली नाही.” उरली की. अटक झाली, गुन्हा नोंदला, ही बातमी आहे. पोळीभाजी केंद्र ही बातमी नव्हतीच. जागा भरायची असेल तर तपासात उशीर झाला का, फिर्याद नोंदवायला किती वेळ बसवून ठेवलं, समुपदेशक दिला का, हे विचारा. त्यातून ओळख फुटत नाही आणि उपयोगही जास्त.

आरोपी नातेवाईक असेल तेव्हा अजून सांभाळा. तुम्ही लिहिणार ‘सावत्र वडिलांनी’, दुसरा पेपर लिहिणार आरोपीचं पूर्ण नाव, वाचणारा दोन्ही जोडून मुलीपर्यंत पोचणार. म्हणून घरातला आरोपी असेल तर त्याचं नाव नाही. ते जेलमध्ये जाणारं नाव आहे हे मान्य, तरी नाही.

शाळेतल्याच शिक्षकावर किंवा कर्मचाऱ्यावर गुन्हा असेल तर बाकीचे पालक फोन करकरून शाळेचं नाव विचारतात, त्यांची काळजी खोटी नसते. पण कायद्यात ‘शाळा’ हा शब्द स्वच्छ लिहिलाय. विशेष न्यायालय मुलाच्या हिताचं वाटलं तर परवानगी देऊ शकतं, तोपर्यंत नाही.

प्रौढ स्त्रीच्या बाबतीत न्याय संहितेचं कलम ७२ हे ६४ ते ७१ या कलमांखालच्या गुन्ह्यांना लागू आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड. विनयभंग त्या यादीत नाही, पण म्हणून विनयभंगाच्या फिर्यादीत नाव छापा असा अर्थ काढू नका, प्रेस कौन्सिलच्या (वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणारी संस्था) आचारसंहितेत आणि साध्या माणुसकीत ते बसत नाही. पीडित प्रौढ असेल आणि तिने स्वतः लेखी संमती दिली तर नाव देता येतं. तोंडी नाही, कॅमेऱ्यासमोर मान हलवली म्हणून नाही, लेखी.

हमखास चुका: “आई-वडिलांनीच सांगितलं नाव टाका.” चालत नाही. “ती आता हयात नाही.” तरी चालत नाही. निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने हे दोन्ही स्पष्ट केलंय: मृत पीडितेचं नावसुद्धा जवळच्या नातेवाइकांच्या परवानगीने उघड करता येत नाही, तशी गरज वाटलीच तर ते सत्र न्यायाधीशांनी ठरवायचं. मोर्चात तिचा फोटो असलेला फ्लेक्स धरलाय म्हणून मोर्च्याचा व्हिडिओ तसाच टाकता येत नाही, फ्लेक्स ब्लर करा. जम्मूतल्या कठुआच्या लहान मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणात नाव-फोटो दिल्याबद्दल दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

तपासा: कॉपी त्या भागात राहणाऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, “कोण असेल अंदाज येतोय का?” तो दोन सेकंद जरी विचारात पडला तरी अजून कापा.

पायरी ४: आरोपीलाही हक्क आहेत

ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा दाखवू नका. पोलीस तोंडावर काळा कपडा टाकतात तो उगाच नाही. साक्षीदाराने आधीच टीव्हीवर चेहरा बघितला तर ओळख परेडला काही अर्थ उरत नाही, बचावाचा वकील तेच धरतो, आणि खरा गुन्हेगार सुटायला तुमचा थंबनेल कारणीभूत.

‘पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली’ हा मथळा बंद करा. पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने मीडिया ट्रायलबद्दल दिलेल्या निकालात, ही कबुली ग्राह्य नसल्याचं लोकांना न सांगता ती पुराव्यासारखी दाखवणं, घटनेचं नाट्य रूपांतर करून दाखवणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेणं हे सगळं टाळायला सांगितलंय.

आणि ‘कथित’ हा शब्द चिलखत नाही. पहिल्या ओळीत ‘कथित’ लिहून मथळ्यात ‘लुटारू बिल्डर’ लिहिलं तर कोर्ट मथळा वाचतं.

पायरी ५: समोरच्याची बाजू, तीही खरोखर

बदनामीच्या केसमध्ये तुमची बाजू भक्कम करणारी किंवा पाडणारी पायरी हीच. न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दहा अपवाद आहेत, त्यातला पहिला सत्याचा, पण नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं लोकहिताचंही असावं लागतं आणि दोन्ही सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. सद्भावनेवर आधारलेल्या अपवादांत कोर्ट बघतं की तुम्ही काळजी घेतली का. काळजी म्हणजे रात्री साडेदहाला एक मिसकॉल आणि मग ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं नव्हे.

असं करा: प्रश्न लेखी पाठवा, ईमेल आणि व्हॉट्सअॅप दोन्हीवर. प्रश्न नेमके असू देत. “तुमच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप आहेत, काय सांगाल?” या प्रश्नाला कोणीही “बिनबुडाचे” म्हणतो आणि तुम्हाला काही मिळत नाही. त्याऐवजी, “अमुक प्रभागातल्या ड्रेनेजच्या कामाचं बिल अमुक तारखेला मंजूर झालं. माहिती अधिकारात मिळालेल्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रतीत पाइपची लांबी वेगळी दिसते. हा फरक का?” उत्तर कधीपर्यंत हवं ती वेळ लिहा आणि ती रास्त ठेवा. कागद महिनाभर तुमच्याकडे पडून होते आणि समोरच्याला दिला एक तास, तर वेळेवरूनच तुमचा हेतू दिसतो.

उत्तर आलं की ते बातमीत वर घ्या, शेवटच्या परिच्छेदात कोंबू नका.

इशारा: “आम्ही नाही म्हणालो, नगरसेवक म्हणाले” हा बचाव नाही. दुसऱ्याचा बदनामीकारक आरोप तुम्ही छापलात तर तोही तुम्हीच प्रसिद्ध केलेला. पत्रकार परिषदेत माइक समोर आला म्हणून वाट्टेल ते लाइव्ह सोडू नका.

पायरी ६: शिवाजीनगर कोर्टातून बातमी देताना

सुनावणी संपली की वकील पायऱ्यांवर बाइट देतात आणि दोन्ही बाजूंचे वकील जिंकल्यासारखेच बोलतात. बाइट घ्या, पण बातमी आदेशाच्या प्रतीवरून लिहा, ई-कोर्ट्सवर केस नंबर टाकून स्टेटस बघा. कोर्टात काय घडलं त्याचं खरं आणि नि:पक्ष वार्तांकन हे न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ४ मध्ये संरक्षित आहे, कलम ३५६ मध्येही त्याला अपवाद आहे. ते संरक्षण वार्तांकनाला आहे, तुमच्या मसाल्याला नाही.

युक्तिवाद, न्यायाधीशांचा तोंडी शेरा आणि लेखी आदेश या तीन वेगळ्या गोष्टी. “कोर्टाने म्हटले” हे फक्त तिसऱ्याला. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यात अदलाबदल करू नका. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो, त्यातली साक्ष-उलटतपासणी कोर्टाच्या परवानगीशिवाय छापणं हा न्याय संहितेच्या कलम ७३ खाली गुन्हा आहे. हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचा निकाल छापायला हरकत नाही, नाव तिथेही नाही.

पायरी ७: आत्महत्येची बातमी

थोडक्यात. पद्धत लिहू नका, जागेचं नाव नको, चिठ्ठीचा फोटो नको, पहिल्या पानावर किंवा मोठ्या मथळ्यात नको. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेले नियम हेच सांगतात. ‘एमपीएससीत अपयश, तरुणाने संपवले जीवन’ असं एकच कारण चिकटवू नका, कारण एक कधीच नसतं आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेली शेकडो मुलं ते वाचत असतात. खाली टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर द्या: १४४१६.

पायरी ८: पब्लिश दाबण्याआधी

कॉपी स्वच्छ झाली तरी ओळख भलतीकडून फुटते. हे एकेक करून बघा:

• फोटोच्या फाइलचं नाव. ब्लर केलेल्या फोटोच्या फाइलला मुलीचंच नाव दिलेलं असतं.
• लिंक. मथळा नंतर बदलला तरी पहिल्या मथळ्यावरून बनलेली लिंक तशीच राहते.
• हॅशटॅग, थंबनेल, व्हिडिओखालचं वर्णन.
• घराचा दरवाजा, सोसायटीची पाटी, स्कूटरची नंबर प्लेट, शाळेचा गणवेश.
• आवाज. चेहरा झाकून आईचा मूळ आवाज सोडला तर अख्खी आळी ओळखते.
• कमेंट. तुम्ही नाव लपवता आणि खाली पहिलाच दर्शक ते लिहितो. अशा बातम्यांवर कमेंट बंद ठेवा.

पोक्सोच्या कलम २३ खाली कर्मचाऱ्याच्या चुकीला प्रकाशक किंवा मालकही जबाबदार असतो. एकट्याने चॅनेल चालवणारे यात तीनही असतात: रिपोर्टर, संपादक, मालक. वाटून घ्यायला कोणी नाही.

पायरी ९: पब्लिश झाल्यावर, चूक सापडली किंवा नोटीस आली तर

ओळख फुटली असेल तर बातमी त्या क्षणी उतरवा, सोशल मीडियावरच्या पोस्टसकट. एरवीची चूक असेल तर गुपचूप बदलू नका, काय दुरुस्त केलं ते बातमीतच लिहा आणि जिथे चूक गेली तिथेच दुरुस्ती जाऊ द्या. फेसबुकवर चुकलात आणि खुलासा वेबसाइटच्या कोपऱ्यात, असं नको. उतरवण्याआधी मूळ पानाचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा, कारण आपण नक्की काय लिहिलं होतं हेच पुढे सिद्ध करावं लागतं.

पेपरविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जायचं असेल तर तक्रारदाराने आधी संपादकाला लिहावं लागतं. त्यामुळे आलेलं चिडकं पत्र टोपलीत टाकू नका, ते पुढच्या तक्रारीचं पहिलं पान असू शकतं.

पोलीस ठाण्यातून “तुमच्याविरुद्ध बदनामीची तक्रार आलीय, येऊन जा” असा फोन आला तर घाबरू नका आणि भांडूही नका. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यात तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागते. फोन करणाऱ्याचं नाव, हुद्दा, तक्रारीचा नंबर विचारा, लेखी मागा आणि वकिलाला कळवा. दुसरं एखादं कलम लावलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून कलम विचाराच.

वकिलाची नोटीस आली तर समोरच्या वकिलाला स्वतः फोन करून समजावत बसू नका, व्हॉट्सअॅपवर ‘सॉरी’ लिहू नका आणि नोटीस इन्स्टाग्रामवर टाकून शौर्य दाखवू नका. सूत्राचं नाव विचारलं तर तेही परस्पर सांगू नका. भारतात पत्रकाराला सूत्र लपवायचा सरसकट कायदेशीर हक्क नाही, प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ मधलं संरक्षण कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतंच आहे. म्हणून सूत्राला गुप्ततेचा शब्द देण्याआधीच विचार करा, आणि वहीत त्याचं पूर्ण नाव लिहू नका.

बदनामीच्या भरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात करावा लागतो, फौजदारी तक्रारीसाठी मुदत तीन वर्षांची. त्यामुळे वही, मूळ रेकॉर्डिंग, पाठवलेले प्रश्न आणि त्यांच्या ब्लू टिकचे स्क्रीनशॉट निदान तीन वर्षं सांभाळा. फोन बदलताना दुकानदाराला “सगळं उडवून टाक” म्हणायच्या आधी हे सगळं ड्राइव्हवर आहे ना ते उघडून बघा.